सलाम यांची ओळख कबरीपाशी थांबू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ प्रा. अब्दुस सलाम यांच्यावर प्रसिद्ध झालेला लेख वाचला. लेख कळकळीने लिहिलेला आहे. १९७४ साली पाकिस्तानच्या संसदेने घटनादुरुस्ती करून अहमदिया पंथीयांना गैरमुस्लिम ठरवले, त्या पंथाच्या सलाम यांना त्यांच्याच देशात परके व्हावे लागले, आणि १९९६ मध्ये त्यांच्या निधनानंतर रबवा येथील कबरीवर कोरलेल्या ओळीतला ‘मुस्लिम’ हा शब्दही पुसून टाकण्यात आला, हा सारा इतिहास खरा आहे आणि तो मराठी वाचकांपुढे ठेवल्याबद्दल लेखकाचे आभारच मानले पाहिजेत. मात्र पानभर मजकुरात त्यांच्या संशोधनाच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी आल्या आणि इटलीतील ट्रिएस्टे येथे त्यांनी उभारलेल्या सैद्धांतिक भौतिकशास्त्राच्या केंद्राचा उल्लेख केवळ त्यांच्या नोकरीचे ठिकाण म्हणून झाला. अनेक वर्षे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलेल्या माझ्यासारख्याला ही उणीव फार जाणवली, म्हणून हे पत्र.

प्रथम एका कालक्रमाविषयी. धार्मिक छळामुळे सलाम यांना देश सोडावा लागला, असे लेखात म्हटले आहे. सलाम लाहोरहून केंब्रिजला गेले ते १९५४ च्या आरंभी. घटनादुरुस्ती झाली त्यानंतर वीस वर्षांनी. १९५३ मध्ये लाहोरात अहमदियांविरुद्ध भीषण दंगली झाल्या होत्या हे खरे आहे आणि त्यांचा सलाम यांच्या मनावर परिणाम झाला नसेल असे कोणी म्हणणार नाही. परंतु देश सोडण्याचे जे कारण ते स्वतः पुढे आयुष्यभर सांगत राहिले, ते वेगळे होते. लाहोरात राहिलो तर भौतिकशास्त्र सुटेल आणि भौतिकशास्त्र धरून ठेवायचे तर लाहोर सुटेल, अशा पेचात आपण सापडलो होतो, असे ते सांगत. हा पेच समजून घेतल्याशिवाय त्यांच्या पुढील आयुष्याची संगती लागत नाही.

झंग या पंजाबातील आडगावात वाढलेला हा मुलगा चौदाव्या वर्षी मॅट्रिकला पंजाब विद्यापीठात विक्रमी गुण मिळवतो, लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात विद्यार्थी असतानाच, १९४३ मध्ये, श्रीनिवास रामानुजन यांच्या एका समीकरणावर पहिला शोधनिबंध छापतो, १९४६ मध्ये शिष्यवृत्तीवर केंब्रिजला जातो. ही सुरुवातीची वाटचाल अनेकांना ठाऊक आहे. केंब्रिजला सलाम यांनी हाती घेतलेला प्रश्न मात्र मोठा होता. इलेक्ट्रॉन आणि प्रकाश यांच्या परस्परक्रियेचे गणित करताना उत्तरे अनंतात जात. ती आवरण्याची ‘रिनॉर्मलायझेशन’ ही रीत टोमोनागा, श्विंगर, फाइनमन आणि डायसन यांनी घालून दिली होती. त्या रीतीतला एक अवघड दुवा, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या अनंत राशी सोडवण्याचा प्रश्न, अजून पक्का झालेला नव्हता. तो सलाम यांनी पक्का केला आणि पंचविशीतच त्यांचे नाव युरोप-अमेरिकेत पोहोचले.

एवढे नाव मिळवून ते १९५१ मध्ये लाहोरला परतले. गव्हर्न्मेंट कॉलेजात त्यांना विचारण्यात आले की वसतिगृहाचे अधीक्षकपद, हिशेबनिसाचे काम किंवा फुटबॉल संघाची जबाबदारी यांपैकी काय घेणार. त्यांनी फुटबॉल घेतला. संशोधनासाठी सवड देण्याचा प्रश्नच कोणाच्या मनात नव्हता, नवी नियतकालिके येत नव्हती, आणि आपल्या विषयावर ज्याच्याशी दोन शब्द बोलता येतील असा माणूस शेकडो मैलांत नव्हता. याच काळात वोल्फगांग पाउली मुंबईत आले होते. त्यांचा निरोप येताच सलाम विमानाने मुंबईला निघून आले. एका थोर शास्त्रज्ञाशी भौतिकशास्त्रावर मनसोक्त बोलता येईल, एवढाच त्यामागचा हेतू. परत गेल्यावर पूर्वपरवानगीशिवाय गैरहजर राहिल्याचा ठपका त्यांच्यावर आला. आपल्याकडे मोफसल महाविद्यालयांतून नोकरी केलेल्या कोणालाही या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. त्या वेळी मुंबईत डॉ. होमी भाभा यांची टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहत होती आणि पाउलींसारखी माणसे तेथे येत-जात होती. लाहोर आणि मुंबई यांत बुद्धिमत्तेचा फरक नव्हता; फरक अशा एका संस्थेचा होता.

आता त्यांच्या संशोधनाविषयी. १९५६ मध्ये सिएटल येथील परिषदेत ली आणि यांग या भौतिकशास्त्रज्ञांनी शंका उपस्थित केली होती की किरणोत्साराच्या एका प्रकारामागचे निसर्गातील क्षीण बल डावे-उजवे असा भेद करत असावे. परतीच्या प्रवासात अमेरिकी हवाई दलाच्या विमानात, रडणाऱ्या मुलांच्या गोंगाटात सलाम रात्रभर जागे होते. न्यूट्रिनो या विद्युतभाररहित सूक्ष्म कणाचे वस्तुमान शून्य का, हा प्रश्न त्यांना पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत रुडॉल्फ पायर्ल्स यांनी विचारला होता आणि त्याचे उत्तर तेव्हा विचारणाऱ्याकडेही नव्हते. न्यूट्रिनो एकाच हाताचा असेल, म्हणजे त्याची गिरकी नेहमी एकाच बाजूची असेल, तर त्याचे वस्तुमान शून्यच राहील, हे त्या रात्री सलाम यांच्या लक्षात आले. पायर्ल्स यांना ते पटले नाही. झुरिचला पाउलींकडे निबंध पोहोचवला, तर माझे मित्र सलाम यांना नमस्कार सांगा आणि याहून बरे काही शोधायला सांगा, असा उलट निरोप आला. पुढे १९५७ च्या जानेवारीत मादाम वू यांच्या प्रयोगाने डावे-उजवे भेद सिद्ध केला आणि पाउलींनी मोकळेपणाने दिलगिरी व्यक्त केली. ली आणि यांग यांना त्याच वर्षी नोबेल मिळाले.

ज्या कामासाठी सलाम यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक शेल्डन ग्लॅशो आणि स्टीव्हन वाइनबर्ग यांच्यासह मिळाले, ते याच क्षीण बलाशी निगडित आहे. किरणोत्सारात न्यूट्रॉनचे प्रोटॉनमध्ये रूपांतर या बलाने होते; सूर्यातील हायड्रोजन जळण्याची पहिली पायरीही त्याच्यावरच अवलंबून आहे. विद्युतचुंबकीय बल अमर्याद अंतरापर्यंत पोहोचते, तर क्षीण बलाचा पल्ला प्रोटॉनच्या आकाराच्या सुमारे हजाराव्या भागाइतका. वरवर पाहता इतकी निराळी असलेली ही दोन बले मुळात एकच आहेत, हा या सिद्धांताचा गाभा. मग ती वेगळी का दिसतात? तापवलेल्या लोखंडात कोणतीच दिशा विशेष नसते, पण ते थंड होऊन चुंबक बनताना एक दिशा आपोआप निवडली जाते. नियमांतील सममिती तशीच राहते, फक्त ती झाकली जाते. त्याचप्रमाणे विद्युतचुंबकीय बलाचा वाहक फोटॉन वस्तुमानरहित राहतो आणि क्षीण बलाचे वाहक डब्ल्यू आणि झेड हे कण जड होतात. जॉन वॉर्ड यांच्यासह १९६४ मध्ये या दिशेने केलेले काम, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील सहकारी टॉम किबल यांच्याकडून समजून घेतलेली ही झाकल्या जाणाऱ्या सममितीची यंत्रणा, आणि १९६८ मध्ये स्वीडनमधील परिसंवादात मांडलेले पूर्ण रूप, अशी सलाम यांची वाट होती. वाइनबर्ग त्याच निष्कर्षाला १९६७ मध्ये स्वतंत्रपणे पोहोचले होते.

या सिद्धांताने असे भाकीत केले की न्यूट्रिनो एखाद्या इलेक्ट्रॉनला धक्का देऊन स्वतः न्यूट्रिनोच राहू शकेल. तशी घटना तोवर कोणी पाहिलेली नव्हती. १९७३ मध्ये सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या ‘गार्गामेल’ या बुडबुडा-कक्षातील (कणांचे मार्ग बुडबुड्यांच्या रेषांनी दाखवणाऱ्या उपकरणातील) एका छायाचित्रात फ्रेऑन द्रवात कोठूनही न आलेला एकच इलेक्ट्रॉन अचानक मार्ग आखताना दिसला. न्यूट्रिनो विद्युतभाररहित असल्याने आत येतानाचा त्याचा माग उमटतच नाही. माझ्या मते मूलभूत विज्ञानातील सर्वांत देखण्या छायाचित्रांपैकी ते एक आहे आणि प्रत्येक पदवी वर्गात ते दाखवले गेले पाहिजे. १९७८ मध्ये स्टॅनफर्ड येथील प्रयोगात इलेक्ट्रॉनांच्या विकिरणातील डाव्या-उजव्यातला दहा हजारांत एक इतका सूक्ष्म फरक मोजला गेला आणि पुढच्याच वर्षी नोबेल जाहीर झाले. खुद्द डब्ल्यू आणि झेड हे कण, अनुक्रमे प्रोटॉनच्या सुमारे ८६ आणि ९७ पट जड, सर्नमध्ये सापडले ते १९८३ मध्ये.

याच संदर्भात एक भारतीय धागा लेखात यायला हवा होता. ओडिशातील बारीपदा येथे जन्मलेले जोगेश पती आणि सलाम यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात असे मांडले की क्वार्क (प्रोटॉन ज्यांचा बनलेला असतो ते कण) आणि इलेक्ट्रॉन ही एकाच कुळातली मंडळी असतील तर प्रोटॉनही कधी ना कधी विघटित झाला पाहिजे. तो होतो का, हे पाहण्यासाठी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी सहकाऱ्यांसह कोलार सुवर्णखाणीत सुमारे २३०० मीटर खोल, १४० टनांचा शोधक (कण टिपणारे उपकरण) बसवला. काही संशयास्पद घटना आढळल्या, पण त्यांची खातरजमा होऊ शकली नाही. जपानमधील सुपर-कामिओकांदे प्रकल्पालाही आजवर विघटन सापडलेले नाही. मात्र प्रोटॉनचे विघटन शोधण्यासाठी बांधलेल्या जपानच्या आधीच्या शोधकाने १९८७ च्या अतिनवताऱ्याचे, म्हणजे स्फोट झालेल्या एका ताऱ्याचे, न्यूट्रिनो टिपले, आणि सुपर-कामिओकांदेने १९९८ मध्ये न्यूट्रिनोला वस्तुमान असल्याचे दाखवले. सलाम यांच्या विमानातील त्या रात्रीच्या कल्पनेला हे प्रतिकूल ठरले, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण विज्ञान असेच पुढे जाते आणि त्याने त्यांच्या कामाचे मोल घटत नाही.

ट्रिएस्टेविषयी मला अधिक लिहायचे आहे, कारण लाहोरच्या पेचाला सलाम यांनी दिलेले उत्तर तेथे आहे. १९६० मध्ये व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अधिवेशनात पाकिस्तानचे प्रतिनिधी म्हणून त्यांनी सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे एक आंतरराष्ट्रीय केंद्र असावे, असा प्रस्ताव ठेवला. श्रीमंत देशांनी नाके मुरडली. सैद्धांतिक भौतिकशास्त्र ही विज्ञानातली रोल्स-रॉइस आहे आणि विकसनशील देशांना बैलगाड्या हव्या आहेत, असे एका प्रतिनिधीने सुनावल्याची आठवण सलाम सांगत. भुकेल्या देशाने रस्ते आणि खते पाहावीत, समीकरणे नकोत, हा तो युक्तिवाद. आपल्याकडेही तो अधूनमधून डोके वर काढतोच. सलाम यांचे म्हणणे असे होते की ज्या देशात मूलभूत विज्ञान जाणणारे कोणीच नाही, त्या देशाला बाहेरून आणलेले तंत्रज्ञान पारखूनही घेता येत नाही. इटलीने जागा आणि बहुतांश पैसा देऊ केला, ट्रिएस्टेचे पाओलो बुदिनिच यांनी खटपट केली आणि १९६४ मध्ये केंद्र सुरू झाले. १९९३ पर्यंत सलाम त्याचे संचालक होते.

या केंद्राची सर्वांत शहाणी योजना म्हणजे तेथील ‘असोसिएट’ पद. निवड झालेल्या शास्त्रज्ञाने नोकरी आपल्याच देशात करायची, दरम्यान काही वर्षांच्या मुदतीत दोन-तीन वेळा ट्रिएस्टेला येऊन काही आठवडे ते तीन महिने काम करायचे, आणि परत जायचे. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च केंद्र करते. देश की भौतिकशास्त्र, अशी निवड कोणावर येऊ नये यासाठीच ही रचना होती. स्वतःवर आलेली निवड दुसऱ्यांवर येऊ नये म्हणून संस्था उभारणारी माणसे थोडी असतात. पारितोषिकांचे पैसेही त्यांनी तरुण भौतिकशास्त्रज्ञांच्या मदतीसाठी दिले.

ऐंशीच्या दशकात एका प्रशिक्षण वर्गासाठी मला तेथे जाण्याची संधी मिळाली होती. मिरामारेच्या उद्यानातून समुद्राकडे उतरणारा तो रस्ता, खाली अतिथिगृह, वर मुख्य इमारत. जेवणाच्या टेबलाशी सुदान, बांगलादेश, पेरू अशा देशांतले अध्यापक, आणि प्रत्येकाची तक्रार थेट माझ्याच तक्रारीसारखी: वर्गावरचे तास खूप, ग्रंथालयात नियतकालिके नाहीत, बोलायला कोणी नाही. तेथे मात्र संध्याकाळी व्याख्यान संपल्यावरही कोणीतरी फळ्यापाशी उभा असे आणि त्याला प्रश्न विचारता येत असे. आमच्या महाविद्यालयात ज्या नियतकालिकाचे नाव मी फक्त संदर्भयादीत वाचले होते, त्याचे ताजे अंक मी तेथे पहिल्यांदा हाताळले. लाहोरहून आलेले एक अध्यापक माझ्याच वर्गात होते. आम्ही दोघे एकाच वहीत उदाहरणे सोडवत असू, आणि त्यात कोणालाही काही विशेष वाटत नसे.

सलाम यांनी अखेरपर्यंत पाकिस्तानचे नागरिकत्व सोडले नाही. कोलकात्यात वृद्ध गुरू अनिलेंद्र गांगुली यांना भेटून त्यांनी आपले नोबेल पदक त्यांच्या हाती ठेवले, तो प्रसंग आता समाजमाध्यमांतून सर्वतोमुखी झाला आहे, म्हणून त्याचा विस्तार करत नाही.

माझी विनंती अशी की आपल्या विज्ञान सदरात सलाम यांच्या संशोधनावर आणि ट्रिएस्टे केंद्रावर एक सविस्तर लेख यावा, आणि तो गणिताची भीती न घालता पण सोपे करण्याच्या नादात चुकीचे न सांगता लिहिलेला असावा. हे केंद्र आजही चालू आहे, १९९७ पासून सलाम यांचे नाव धारण करते, आणि तेथील प्रशिक्षण वर्गांना व असोसिएट पदांना भारतातील अध्यापकांनाही अर्ज करता येतो. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी शिकवणाऱ्या अनेक तरुण अध्यापकांना ही गोष्ट ठाऊक नसते. त्यांना अर्जाची माहिती, पात्रता आणि मुदत आपल्या वृत्तपत्रातून मिळाली, तर त्यातले काही जण नक्की अर्ज करतील.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक