विमान परत गेल्यावर मागे राहिलेल्यांची यादी कोणाकडे असते?

प्रति,
मा. परराष्ट्र व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार.

मी फोंडा येथे राहणारी निवृत्त परिचारिका आहे. माझ्याबरोबर परिचर्येचे शिक्षण घेतलेली सासष्टीची एक मैत्रीण पुढे धर्मभगिनी झाली आणि गेली अनेक वर्षे ती दक्षिण सुदानमध्ये आजारी व विस्थापित माणसांची शुश्रूषा करीत आहे. देश पेटलेला असताना आणि सरकारचे विमान न्यायला आलेले असतानाही जे भारतीय मिशनरी रुग्णांना सोडून निघत नाहीत, त्यांच्यासाठी आपल्या मंत्रालयाकडे एक ठरलेली व्यवस्था असावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

दक्षिण सुदान 9 जुलै 2011 रोजी स्वतंत्र झाला आणि डिसेंबर 2013 मध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर व त्यांनी पदावरून दूर केलेले उपराष्ट्राध्यक्ष रिक मचार यांच्या समर्थकांत यादवी युद्ध सुरू झाले. मध्ये झालेला समझोता टिकला नाही. जून 2016 मध्ये वाव शहरात आणि जुलैमध्ये राजधानी जुबात पुन्हा गोळीबार सुरू झाला, तेव्हा आपल्या सरकारने ‘ऑपरेशन संकटमोचन’ हाती घेऊन हवाई दलाची दोन सी-17 विमाने जुबाला पाठवली आणि दीडशेच्या आसपास माणसे सुखरूप परत आणली. परराष्ट्र राज्यमंत्री स्वतः त्या विमानाबरोबर गेले होते. त्या तत्परतेबद्दल मला तेव्हाही अभिमान वाटला होता आणि आजही वाटतो.

त्याच आठवड्यात माझ्या मैत्रिणीचा फोन लागेनासा झाला. ती वावच्या बाजूला होती आणि तिथून जुबापर्यंत येण्यासारखी वाटच उरली नव्हती. मी एका सरकारी कार्यालयात फोन करून तिचे नाव सांगितले. पलीकडच्या गृहस्थांनी विचारले, ‘‘त्यांना परत यायचे आहे का?’’ मी म्हटले, ‘‘नाही, तिच्याकडे रुग्ण आहेत, ती येणार नाही, पण ती कुठे आहे एवढे तुमच्याकडे लिहून ठेवा.’’ त्यावर ते म्हणाले, ‘‘मग नाव देऊन काय उपयोग? ही यादी येणाऱ्यांची आहे.’’ ते उद्धटपणे बोलले असे मी म्हणणार नाही. त्यांच्यापुढच्या कागदावर तसा रकानाच नव्हता. पुढचे चार दिवस आम्हाला काहीही कळले नाही. आषाढाचा पाऊस कोसळत होता आणि आमच्या घरी रेंज फक्त अंगणात तुळशीवृंदावनाजवळ मिळते, म्हणून मी छत्री घेऊन तिथे उभी राहत असे. पाचव्या दिवशी संध्याकाळी तिचा कोंकणीत तीन शब्दांचा संदेश आला: ‘हांव हांगाच आसां.’ म्हणजे, मी इथेच आहे.

महोदय, ही माणसे तिथे नेमके काय करतात, हे इथे फारसे कोणाला ठाऊक नसते. वावमधल्या चकमकींनंतर हजारो माणसांनी तिथल्या कॅथेड्रलच्या आवारात आसरा घेतला होता. अशा ठिकाणी पहिले काम असते ते पिण्याचे पाणी आणि शौचाच्या जागा एकमेकांपासून दूर ठेवण्याचे, कारण गोळीतून वाचलेले मूल जुलाबाने दगावते. त्यानंतर हिवताप, बाळंतपणे आणि कुपोषण. मागे रजेवर आली तेव्हा माझ्या मैत्रिणीने मला एक रंगीत पट्टी आणून दिली होती. मुलाच्या दंडाभोवती ती गुंडाळून घेर मोजायचा. हिरवा रंग आला तर मूल बरे, पिवळा आला तर काळजीचे, आणि घेर 11.5 सेंटिमीटरच्या आत भरला तर लाल, म्हणजे ताबडतोब उपचार. मी ती माझ्या दोन वर्षांच्या नातवाच्या दंडाला लावून पाहिली, ती हिरव्यावर बऱ्याच पुढे जाऊन थांबली. लालवर थांबते तेव्हा दंड केवढा असतो, हे दाखवण्यासाठी तिने आपला अंगठा आणि तर्जनी जुळवून कडे केले. कडे कसले, तिच्या बोटांची टोके एकमेकांवर चढली होती. ती पट्टी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

या कामाची किंमत काय पडते, तेही सांगते. मे 2016 मध्ये येई गावात एका स्लोव्हाक धर्मभगिनीवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. त्या डॉक्टर होत्या आणि अडलेल्या बाईला रुग्णालयात पोचवून रात्री रुग्णवाहिका स्वतः चालवत परतत होत्या. काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. ऑगस्ट 2021 मध्ये जुबा-निमुले रस्त्यावर बसवर हल्ला झाला आणि त्यात दक्षिण सुदानच्याच दोन धर्मभगिनी मारल्या गेल्या. आपल्या देशाचा अनुभवही वेगळा नाही. 2015 च्या एप्रिलमध्ये ‘ऑपरेशन राहत’ने येमेनमधून साडेचार हजारांहून अधिक भारतीयांना बाहेर काढले, तेव्हा एडनच्या वृद्धाश्रमातल्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या भगिनी मागे राहिल्या होत्या. 4 मार्च 2016 रोजी त्या वृद्धाश्रमात 16 जणांची हत्या झाली. त्यांत चार भगिनी होत्या आणि त्यांपैकी एक भारतीय होती. तिथून पळवून नेलेले केरळचे फादर टॉम उळुन्नालिल 12 सप्टेंबर 2017 रोजी, म्हणजे दीड वर्षाने, ओमानच्या मध्यस्थीने सुटले.

या विषयावर बोलले की धर्मांतराचा प्रश्न निघतो आणि तो माझ्या घरातही निघाला आहे. मी मंगेशीला जाणारी बाई आहे आणि त्या प्रश्नाला बगल देऊ इच्छित नाही. दक्षिण सुदानमधले बहुसंख्य लोक आधीच ख्रिस्ती आहेत, तेव्हा तिथे पेज आणि गोळ्या वाटून कोणाला बाटवायचे आहे, असे मी घरच्यांना विचारले. शिवाय गोव्याला ही परंपरा नवी नाही. बाणावलीत जन्मलेले संत जुझे वाझ 1687 मध्ये श्रीलंकेत गेले. दहा वर्षांनी कँडीत देवीची साथ आली आणि लोक रोग्यांना टाकून निघून गेले, तेव्हा या गोमंतकीयाने मागे राहून त्यांची सेवा केली. ते त्यांचे कोण होते, हे त्या रोग्यांनी विचारले नसावे.

माझ्या मागण्या फार नाहीत. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची ही की अशांत देशांतल्या आपल्या दूतावासांनी परतणाऱ्यांच्या यादीबरोबर राहणाऱ्यांचीही यादी ठेवावी. तीत नाव, ठिकाण, जवळच्या नातेवाइकाचा फोन आणि संपर्काची पर्यायी वाट असावी, आणि दूतावासातल्या एका अधिकाऱ्याकडे ती नेमून द्यावी. जुबात आपला दूतावास आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपले जवान त्या देशात मोठ्या संख्येने आहेत आणि 9 एप्रिल 2013 रोजी जोंगलेई प्रांतात त्यांच्यापैकी पाच जणांनी प्राणही दिले आहेत. ज्या देशात आपले इतके पाय रोवलेले आहेत, तिथे एखादी परिचारिका जिवंत आहे की नाही हे चार दिवसांत कळवणे अशक्य नसावे.

दुसरी मागणी विमानांविषयी आहे. सुटकेचे विमान परतताना भरलेले असते, पण जाताना त्यात जागा असते. हिवतापाच्या तपासणीच्या पट्ट्या, क्षारसंजीवनीची पाकिटे, सलाईन आणि बाळंतपणाचे निर्जंतुक संच यांची खोकी त्या जागेत सहज मावतील. ही सारी औषधे आपल्याच देशात तयार होतात. तिथे राहिलेल्यांच्या हाती ती द्यावीत, मग ते भगिनी असोत, डॉक्टर असोत की कोणत्याही धर्माचे स्वयंसेवक. यासाठी आधीच एक ठरलेली यादी तयार ठेवावी लागेल, कारण ऐन वेळी ती करायला कोणाला सवड नसते. मी वॉर्डात हे पुष्कळदा पाहिले आहे: अपघाताची रात्र उजाडते तेव्हा ट्रॉली आधी लावलेली असली तरच उपयोगी पडते.

पारपत्राचे नूतनीकरण करण्यासाठी लढाईच्या रस्त्यावरून राजधानीपर्यंत यावे लागू नये, एवढी सवलतही या माणसांना मिळावी.

मार्च 2025 पासून दक्षिण सुदानमधली परिस्थिती पुन्हा बिघडली आहे. रिक मचार यांना नजरकैदेत ठेवले गेले आणि मे महिन्यात ओल्ड फंगाक येथील रुग्णालयावर बॉम्ब पडले. माझी मैत्रीण अजून तिथेच आहे. तिच्या संमतीने तिचे नाव, पारपत्र क्रमांक, कामाचे ठिकाण आणि मडगावच्या तिच्या भावाचा दूरध्वनी मी वेगळ्या बंद पाकिटात स्पीड पोस्टाने आपल्या कार्यालयाकडे पाठवला आहे. ती यादी अजून नसेल, तर तिच्यातले पहिले नाव हेच धरावे आणि नोंद झाल्याचे मला कळवावे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
फोंडा, गोवा