होल्डेमच्या पुढेही पोकर आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोकर शिकणाऱ्याने एकच प्रकार पकडावा, बाकीच्यांच्या नादी लागू नये, असा सल्ला तुमच्या पेपरातल्या लेखात वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. अर्धा सल्ला बरोबर आहे. नवीन माणसाने आज होल्डेम (हातात दोन पानं आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच उघडी), उद्या ओमाहा, परवा राझ असं केलं की एक ना धड भाराभर चिंध्या, हे मलाही मान्य. पण एक गेम बऱ्यापैकी हातात बसला की दुसरा शिकायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, आणि ते हौस म्हणून नाही, तर पहिला गेम आपल्याला नक्की किती कळलाय हे दुसऱ्यात शिरल्याशिवाय समजतच नाही म्हणून.

ओमाहाचं घ्या. हातात चार पानं, पण त्यातली दोनच वापरायची, ना कमी ना जास्त, आणि बोर्डावरची, म्हणजे टेबलावरच्या सामाईक उघड्या पानांतली, तीन. बोर्डावर इस्पिकची चार पानं पडली आणि हातात इस्पिकचा एकटा एक्का असला तर होल्डेममध्ये तो जबरदस्त फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं), ओमाहात मात्र फ्लशच नाही. हा नियम एका दिवसात पाठ होतो, सवय काही एका दिवसात जात नाही. होल्डेममध्ये एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीपुढे शंभरातल्या साधारण ८२ वेळा जिंकते, त्यामुळे एक्के आले की सगळ्या चिपा आत सारायच्या हे अंगात भिनलेलं असतं. ओमाहात तीच एक्क्यांची जोडी चार चांगल्या जुळलेल्या पानांपुढे ६० टक्क्यांच्या आसपास येते, कधीकधी त्याहूनही खाली. तरी माणूस एक्के बघून फोल्ड करत नाही, म्हणजे पानं टाकून देत नाही, कारण पहिल्या गेमने त्याला ते शिकवलेलंच नसतं.

खरं घोडं पेंड खातं ते ओमाहा हाय-लोमध्ये. इथे अर्धा पॉट (जमलेल्या चिपा) सगळ्यात मोठ्या हाताला, म्हणजे पानांच्या जुळणीला, आणि अर्धा सगळ्यात लहान हाताला, लहान म्हणजे अठ्ठी किंवा त्याखालची पाच वेगवेगळी पानं. समजा तुमच्याकडे एक्का-दुर्री आहे, बोर्डावर तिर्री, सत्ती, अठ्ठी आहेत, म्हणजे तुमच्यापेक्षा लहान हात होऊच शकत नाही, होल्डेमवाला इथे खुशाल रेझवर रेझ करणार, म्हणजे बोली वाढवत नेणार. आता टेबलावर तिघं आहेत, प्रत्येकाने हजार चिपा टाकल्यात, पॉट झाला तीन हजार, आणि दुसऱ्याकडेही एक्का-दुर्री निघाली. दीड हजार मोठ्या हातवाला घेऊन गेला, उरलेल्या दीड हजारात तुम्ही दोघं, तुमच्या वाट्याला आले साडेसातशे. हातात सगळ्यात चांगलं लो, आणि तरी अडीचशेचा तोटा. प्रत्येकाने दोन हजार टाकले असते तर तोटा पाचशे. म्हणजे चांगला हात आला की पैसा वाढवत न्यायचा हा ज्याला आपण पोकरचा नियम समजत होतो तो एका प्रकारापुरता होता, आणि एवढं एक जरी डोक्यात शिरलं तरी पॉटमधला आपला वाटा किती, हा प्रश्न माणूस होल्डेममध्येसुद्धा वेगळ्या पद्धतीने विचारायला लागतो.

सेव्हन कार्ड स्टडने मला सगळ्यात जास्त शिकवलं. इथे बोर्ड नसतो, प्रत्येकाची सात पानं, त्यातली चार उताणी. पाचव्या पानापर्यंत चार बदाम जमले तर फ्लशसाठी अजून नऊ बदाम बाकी असं होल्डेमच्या सवयीने वाटतं, पण बाकीच्यांच्या उताण्या पानांत पाच बदाम येऊन गेले असतील तर उरले फक्त चार, आणि फोल्ड केलेल्यांची पानं तर डीलर केव्हाच उचलून नेतो, त्यामुळे ती दिसली तेव्हाच लक्षात ठेवायला लागतात. स्वतः डावात नसतानाही लक्ष द्यायची सवय इथे लागते. होल्डेममध्ये दोन पानं टाकून दिली की लोक मोबाइलमध्ये डोकं घालतात आणि मग समोरचा कसा खेळतो ते कळत नाही म्हणून तक्रार करतात!

लेखात मोठ्या खेळाडूंचा दाखला होता, मग त्यांच्याकडेच बघू. फिल हेलम्युथ हा होल्डेमचा माणूस, वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची त्याची पहिली ११ ब्रेसलेट (स्पर्धा जिंकल्यावर मिळतात ती) होल्डेमचीच, पण बारावं २०१२ मध्ये राझमध्ये मिळालं, म्हणजे ज्यात लहान हात जिंकतो त्या गेममध्ये. फिल आयव्हीकडे ११ ब्रेसलेट आहेत आणि त्यातलं एकही निव्वळ होल्डेमच्या स्पर्धेतलं नाही. मायकेल मिझराकीने २०२५ मध्ये अनेक प्रकार मिळून होणारी पोकर प्लेयर्स चॅम्पियनशिप जिंकली, ती त्याने चौथ्यांदा जिंकली, आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा असलेली होल्डेमची मेन इव्हेंटही मारली. सगळं येणारा माणूस होल्डेममध्ये कच्चा राहतो असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

होल्डेम म्हणजेच पोकर हा समज तसा अलीकडचा. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर ऑनलाइन पात्रता खेळून आला आणि ८३९ खेळाडूंत मेन इव्हेंट जिंकला, टीव्हीवर लपलेली पानं दिसत होती त्यामुळे बघायलाही मजा, आणि तीनच वर्षांत आकडा ८,७७३ वर गेला. चांगलंच झालं. पण त्या लाटेत आलेल्या कितीतरी लोकांनी दुसरा गेम कधी बघितलाच नाही. आज तर दोघांमधलं लिमिट होल्डेम (बोलीची मर्यादा ठरलेलं) अल्बर्टा विद्यापीठाच्या लोकांनी २०१५ मध्येच जवळपास पूर्ण सोडवून टाकलंय, २०१९ मध्ये प्लुरिबस या प्रोग्रॅमने सहा जणांच्या नो-लिमिट होल्डेममध्ये व्यावसायिकांना हरवलं, आणि टेबलावरचा प्रत्येक जण सॉल्व्हरचे, म्हणजे सगळ्यात चांगली खेळी काढून देणाऱ्या प्रोग्रॅमचे, चार्ट पाठ करून येतो. तिथे सगळ्यांनी तेच वाचलंय, बाकीच्या गेममध्ये अजून स्वतः विचार करायला जागा आहे.

एक मात्र मान्य करतो, मोठ्या स्पर्धांत बहुतेक होल्डेमच असतं, त्यामुळे ज्याला फक्त त्याच खेळायच्यात त्याने वेळ तिकडे जास्त द्यावा. मिक्स गेमच्या, म्हणजे आळीपाळीने वेगवेगळे प्रकार खेळायच्या, टेबलावर अर्धवट तयारीने तर अजिबात बसू नये, पाचातला एक प्रकार कच्चा असला तर ओळखणारे बरोबर ओळखतात आणि त्याच फेरीत तुम्हाला धुतात. माझ्या मते आपला प्रत्येक कॉल (समोरच्याएवढ्या चिपा टाकणं) आणि फोल्ड का केला ते दुसऱ्याला सांगता यायला लागलं की दुसरा गेम उचलावा, आणि तो स्टड असावा, फिक्स्ड लिमिटचा, कमीत कमी चिपांचा. होल्डेमनंतर थेट पॉट-लिमिट ओमाहात उडी मारू नये, तिथे चढउतार फार मोठे असतात आणि बँकरोल, म्हणजे खेळासाठी बाजूला ठेवलेला पैसा, संपला की शिकणंच थांबतं.

संपादकसाहेब, तुमच्या पानावर होल्डेमचे डाव नेहमी छापता. पुढच्या वेळी स्टडचा एक डाव छापा, पाचही फेऱ्यांसकट, आणि फोल्ड केलेल्यांची उताणी पानंसुद्धा दाखवा, म्हणजे वाचणाऱ्यांना किती बदाम उरले ते स्वतः मोजता येईल.

आपला,
एक वाचक