भावावरून ठरलेला नावलौकिक

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

फ्रान्समधील बोर्दो भागाच्या रेड वाईनची थोरवी सांगणारा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. गेल्या पौषात पुतण्याने परदेशातून आणलेली, त्याच भागातील एका नामांकित मळ्याची सुमारे 40 हजार रुपयांची बाटली आम्ही चौघांनी घरी चाखली होती, म्हणून हे पत्र.

पुतण्याने सांगितल्याप्रमाणे ती दोन तास आधी उघडून काचेच्या भांड्यात ओतून ठेवली होती. शिसपेन्सिल तासताना येतो तसा लाकडाचा मंद वास आला आणि तो खरोखर सुरेख होता. पण घोट घेताच कच्च्या जांभळाचा तुरटपणा हिरड्यांना धरून बसला आणि त्यामागून फळाची चव अशी आलीच नाही. बाटली आणखी काही वर्षे मुरली असती तर हा तुरटपणा निवला असता, हे मला मान्य आहे. मात्र सोबत ठेवलेली नाशिकची हजार रुपयांच्या आतली वाईन, कोणता पेला कशाचा हे न सांगता दिली तेव्हा, चौघांपैकी तिघांना अधिक आवडली. चौघांच्या जिभेवरून निकाल लावावा असे मी म्हणत नाही, परंतु हा नावलौकिक मुळात कशावर उभा आहे, हे तरी वाचकांना कळायला हवे.

तेथील मळ्यांची प्रतवारी 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी केली आणि ती करताना त्यांनी मुख्यतः बाजारात मिळत आलेला भाव पाहिला. 1973 साली मूतों रोत्शिल्ड या मळ्याची वाईन दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत गेली, हा मोठा बदल सोडला तर ती यादी आजही जवळपास तशीच आहे. म्हणजे भावावरून श्रेणी ठरली आणि आता श्रेणीवरून भाव ठरतो. 1976 साली पॅरिसमध्येच फ्रेंच परीक्षकांनी नावे झाकून चव घेतली, तेव्हा मूतों आणि ओ-ब्रियों या बोर्दोच्याच नामांकित वाईनना मागे टाकून कॅलिफोर्नियाची वाईन पहिली आली होती. लेखात याचा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटले.

आमच्याकडे संत्र्याच्या बागेचा सौदा करायला आलेला व्यापारी, त्याच झाडांना मागच्या वर्षी कितीही भाव मिळालेला असो, यंदाचे फळ सोलून फोड जिभेवर ठेवल्याशिवाय आकडा बोलत नाही. आपल्या लेखकानेही चाखलेली वाईन कोणत्या सालची होती आणि ती लेबल झाकून चाखली की पाहून, एवढे पुढच्या लेखात लिहावे, ही विनंती.

आपला,
एक संत्रा बागायतदार,
ता. वरूड, जि. अमरावती