‘अस्तुरियास’ बसवताना

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

पियानोवरच्या ‘अस्तुरियास’चं तुझं रेकॉर्डिंग ऐकलं. वेग आला आहे, पण पहिलं पान गिटारसारखं वाजत नाही, शिलाई मशीनसारखं वाजतं.

आधी नावाचा घोळ. अल्बेनिझ या स्पॅनिश संगीतकाराने हे नुसतं ‘प्रेल्यूड’ म्हणून लिहिलं आणि १८९२ साली ते बार्सिलोनात छापलं गेलं. तो १९०९ मध्ये गेला. १९११ मध्ये हॉफमाइस्टर या जर्मन प्रकाशकाने ते त्याच्याच ‘सुइते एस्पान्योला’ या रचनासंचात घुसडलं आणि वर ‘अस्तुरियास’ ही पाटी लावली. अस्तुरियास हा स्पेनच्या उत्तरेकडचा पावसाळी, डोंगराळ मुलूख. हे संगीत मात्र दक्षिणेचं, अंदालुसियाच्या फ्लामेंकोचं, म्हणजे तिथल्या गाण्या-गिटारीच्या लोकशैलीचं. म्हणून धुकं, दऱ्या असलं काही डोळ्यांपुढे आणू नकोस. गिटारवाल्याचा अंगठा आणि एक बोट, बस.

अंगठा म्हणजे तुझा डावा हात, सुरावट त्याची. बोट म्हणजे उजवा: ‘डी’ हा एकच स्वर, तुणतुण्यासारखा. तू दोन्ही सारख्याच जोराने वाजवतेस, तिथेच मशीन सुरू होतं. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० मात्रांवर ठेव, मात्रेला चार स्वर. आधी डावा हात एकटा, गाऊन. मग उजवा जोड, निम्म्या आवाजात. डावा पट्ट्यांच्या काठाशी, उजवा आत आणि थोडा वर, नाहीतर बोटं एकमेकांत अडकतात. दंड ताठला की थांब. मुकाट्याने पुढे रेटलंस तर तोच ताठरपणा हातात बसेल.

वेग चारचारने वाढव. १२० वर सेकंदाला ८ स्वर होतात, पण ‘डी’ची पट्टी सेकंदाला ४ वेळाच दाबायची असते. एवढं कुठलाही धड अपराइट, म्हणजे उभा पियानो, झेलतो. तरी ‘डी’ गिळला जातोच आहे, कारण तू पट्टी वर येऊ देत नाहीस. अपराइटमध्ये ती जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय हातोडी पुन्हा उडत नाही. ग्रँडमध्ये, म्हणजे आडव्या पियानोत, अर्ध्यातूनही उडते.

पुढे मोठे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गुच्छ, येतात. तिथे सगळेच उडी मारायला वेळ चोरतात आणि तीन मात्रांचा ठेका लंगडतो. आठवडाभर फक्त उडी कर: कॉर्ड, लगेच पुढच्या स्वरावर हात, पण तो वाजवायचा नाही, नुसता टेकवायचा. सूर लांबवणारं पेडल कॉर्डलाच. त्याआधीचं सगळं कोरडं.

मधली ‘कोप्ला’ म्हणजे गाणाऱ्याचं कडवं. दोन्ही हात एकच सुरावट दोन सप्तकांच्या अंतराने गातात. ‘डी’ला सा मान, म्हणजे ‘ई फ्लॅट’ हा भैरवीतला कोमल रे होईल. त्यावर घाई नको. इथे मेट्रोनोम बंद, आणि वरचा हात किंचित पुढे ऐकू यावा; दोन्ही सारखे झाले की आवाज पोकळ येतो.

पुढच्या रविवारी पुन्हा पाठव. ६० वरचंच.

तुझी,
आई