जलपरीच्या प्रेमकथेत पाणीही खरं असू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या जलपरींच्या प्रेमकादंबऱ्यांविषयी हे पत्र आहे. काही जण त्यांना वेळ घालवायचं साधन समजतात, त्यामुळे त्यांची नीट परीक्षणं होत नाहीत. ज्यांना त्या आवडतात, त्यांचं बोलणंही बहुधा शेपटीचा रंग आणि नायकाचे डोळे इथवरच थांबतं. अशा हस्तलिखितांचं संपादन करणारे आम्ही काही जण आहोत. कादंबरी उभी राहते कशामुळे आणि कोसळते कशामुळे, हे वाचकांपुढे आणि विशेषतः लिहू पाहणाऱ्या मुलामुलींपुढे मांडावं असं वाटलं. आमच्या मते सगळी भिस्त एका गोष्टीवर असते: लेखकाने पाण्याचे नियम किती मनावर घेतले. पाणी नुसता निळा पडदा झालं की दोघांमधला अडसर खोटा ठरतो, आणि अडसर खोटा असेल तर प्रेमापायी मोजलेली किंमत कुणाला खरी वाटणार?

जुन्या कथाकारांनी नियमाचं महत्त्व पुरतं ओळखलं होतं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये लिहिल्या गेलेल्या मेल्युझिन या परीच्या कथेत नवऱ्याला एकच अट आहे, शनिवारी तिला पाहायचं नाही. 1811 मधल्या जर्मन ‘उंडीने’त जलकन्येला लग्नामुळे आत्मा मिळतो, पण नवऱ्याने विश्वासघात केला तर त्याचा जीव तिलाच घ्यावा लागतो. डॅनिश लेखक अँडरसनच्या 1837 मधल्या कथेत जलपरी तीनशे वर्षं जगते आणि शेवटी फेस होते. पायांच्या बदल्यात ती जीभ कापून देते आणि पुढे तिला प्रत्येक पाऊल सुरीच्या पात्यावर पडल्यासारखं जाणवतं. महाभारताच्या आदिपर्वात नागकन्या उलूपी अर्जुनाला गंगेच्या पाण्यातून नागलोकात ओढून नेते, तेव्हा त्याच्या ब्रह्मचर्यव्रताचा प्रश्न आधी सोडवावा लागतो, आणि उलूपी तो युक्तिवाद करून सोडवते. रामकियेन या थायलंडच्या रामायणातली जलपरी सुवर्णमच्छा तर बापाच्या, म्हणजे रावणाच्या आज्ञेवरून सेतूचे दगड पळवायला आलेली असते आणि हनुमंतावर तिचं मन जडतं. या साऱ्या कथांमध्ये प्रेमाच्या वाटेत काहीतरी ठाम उभं आहे. अट, व्रत किंवा आज्ञा. आजच्या कादंबरीत मात्र अट तिसऱ्या प्रकरणात येते आणि अकराव्यात लेखकच ती विसरतो.

म्हणून पहिलं प्रकरण लिहिण्याआधी वहीत शरीर ठरवावं. सर्वांत मोठा प्रश्न श्वासाचा. कल्ले की फुप्फुसं? पाण्याखालच्या चुंबनातून बुडणाऱ्या नायकाला श्वास देण्याचा प्रसंग जवळपास प्रत्येक हस्तलिखितात असतो. जलपरीला फक्त कल्ले असतील, तर तिच्या छातीत हवाच नसते, देणार काय? फुप्फुसं असतील तर प्रसंग जमतो, कारण माणसाने बाहेर टाकलेल्या श्वासातही सुमारे 16 टक्के ऑक्सिजन उरलेला असतो. पण मग तिलाही सीलसारखं ठरावीक वेळाने वर यावं लागणार, आणि समुद्रतळावर आठवडाभर चालणारी राजसभा रद्द करावी लागणार. दोन्ही ठेवायचे असतील तर खुशाल ठेवावेत. मात्र कल्ले कधी मिटतात आणि ते उघडे राहिले तर काय होतं, हे आधी ठरवून मग लिहावं.

याच जातीचा दुसरा लाडका प्रसंग म्हणजे पाण्याखालची गुहा आणि तिच्या छताशी अडकलेली हवा. पाण्यात दर 10 मीटरला पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाइतका दाब वाढतो, म्हणजे 20 मीटर खोल गुहेतली हवा पृष्ठभागावरच्या तिप्पट दाबाखाली असते. नायकाने तिथे छाती भरून श्वास घेतला आणि तो कोंडून वर पोहत आला, तर ती हवा वाटेत फुगत जाते आणि फुप्फुस फाटतं. जिवंत वर यायचं तर वाटभर बुडबुडे सोडत यावं लागतं. आता यात केवढा प्रसंग दडला आहे पाहा. जवळची हवा सोडून देणं घाबरलेल्या माणसाला वेडेपणाचं वाटतं, आणि पाण्यात शब्द चालत नाहीत. तिने त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला श्वास सोडायला लावायचं, आणि त्याने कारण न कळता तिचं ऐकायचं. विश्वासाबद्दल दोन पानं संवाद लिहिण्यापेक्षा ही वीस मीटर जास्त सांगून जातात.

थंडीकडे तर कुणी पाहतच नाही. पाणी शरीराची ऊब हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने शोषून घेतं. 10 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात पडलेल्या माणसाचं पहिलं मिनिट धापा आवरण्यात जातं, दहाएक मिनिटांत बोटं कामातून जातात आणि तासाभराने शुद्ध हरपण्याची वेळ येते. म्हणजे जहाज फुटल्यावर थंड समुद्रात रात्रभर फळकुटाला धरून राहिलेला नायक सकाळी तिच्याशी गोड बोलू शकत नाही. एकतर पाणी उबदार ठेवा, नाहीतर तिला लवकर पोहोचवा. तिचं शरीर माशासारखं पाण्याच्याच तापमानाचं असेल, तर त्याच्या हाताचा पहिला स्पर्श तिला चटका बसल्यासारखा वाटेल. असा तपशील वाचक वर्षानुवर्षं विसरत नाही.

रंग, आवाज आणि नजर यांतही वारंवार चुका होतात. पाण्यात लाल रंग पहिल्या दहाएक मीटरांतच विझतो. त्याखाली तांबडे केस काळपट दिसतात आणि जखमेतलं रक्त हिरवट. 200 मीटरच्या खाली झाडं जगण्याइतका उजेड नसतो, 1000 मीटरच्या खाली सूर्यप्रकाश नसतोच. तळावरच्या राजवाड्यात रंगीत बाग हवी असेल तर उजेड कुठून येतो ते सांगा. समुद्री जीवांचा स्वतःचा प्रकाश बहुतेक निळा-हिरवा असतो, त्या रंगात सगळा महाल रंगवला तर तो वेगळाच सुंदर दिसेल. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. त्यामुळे बुडी मारलेल्या माणसाला आवाज ऐकू येतो, पण कुठल्या दिशेने आला ते कळत नाही. शिवाय पाण्याखालचा आवाज पृष्ठभागाला आपटून जवळजवळ सगळा परत फिरतो. खाली गायलेलं गाणं डेकवरच्या नायकाला ऐकू जाणार नाही. तिला डोकं वर काढून, छातीत हवा भरूनच गावं लागेल. आणि पाण्यासाठी घडलेला डोळा हवेत आला की त्याला लांबचं धूसर दिसतं. तेव्हा जहाजावरच्या त्याच्या चेहऱ्यावर ती पहिल्याच नजरेत भाळू शकत नाही. तिला आधी त्याचा आवाज ओळखीचा होऊ द्या, चालण्याची लय कळू द्या. चेहरा अगदी जवळ आल्यावर दिसू द्या. ओढ किती वाढते ते लिहून पाहा.

शेपटीबद्दल थोडक्यात. माणसाचा कणा पुढेमागे सहज वाकतो, म्हणून जलपरीची शेपटी डॉल्फिनसारखी वरखाली चालते आणि तिचं टोक आडवं असतं. माशाची शेपटी डावी-उजवीकडे हलते. मुखपृष्ठाच्या चित्रकाराला हे आधीच कळवावं.

किनाऱ्यावरच्या भेटींसाठी भरती-ओहोटीचं वेळापत्रक तयार करणं अनिवार्य समजा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटं जातात आणि भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. आज संध्याकाळी सहाला ओहोटीने उघडा पडलेला खडक आठवड्याने त्याच वेळी पाण्याखाली असतो. ‘रोज सूर्यास्ताला त्याच खडकावर’ हे वाक्य म्हणूनच चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. कथेचा पहिला दिवस अमावास्येला धरून पुढचे 30 दिवस एका कागदावर मांडले, की भेट कधी शक्य आहे, कधी नाही आणि कुणाला पाण्यातून चालत जावं लागेल हे आपोआप दिसतं. वेळ चुकल्यामुळे होणारे गैरसमज शोधत बसावे लागत नाहीत, चंद्रच ते घडवून आणतो.

पाय मिळाल्यानंतरचे दिवस हा या कादंबरीचा सर्वांत श्रीमंत भाग. नेमका तोच भाग अर्ध्या पानात उरकलेला आढळतो: ती अडखळते, तो सावरतो, पुढच्या परिच्छेदात दोघं नाचतात. गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायांवर वजनाचा जेमतेम दहावा भाग पडतो. जन्मभर तरंगलेल्या मुलीला आधी स्वतःचं वजन भेटतं. मान दुखते, हात उचलून धरवत नाही, बसल्या जागी कंबर भरून येते. हातातून सुटलेली वस्तू इतक्या झपकन खाली जाते याचा तिला धक्का बसतो. उतरता जिना चढत्या जिन्यापेक्षा भीतीदायक वाटतो. केस कोरडे होऊन चेहऱ्यावर येतात. हे सगळं निदान दोन प्रकरणं पसरू द्यावं. निवेदन तिच्या तोंडी असेल तर उपमा तपासाव्यात: धूळ, धूर, घाम, विस्तव यांतलं काहीही तिच्या ओळखीचं नाही, तेव्हा तिचा राग ‘पेटत’ नाही आणि आठवणींवर ‘धूळ बसत’ नाही. शंभर पानांनंतर तिच्या तोंडी आगीची पहिली उपमा आली, तर ती किती बदलली हे वाचकाला न सांगता कळतं. आणखी एक गोष्ट फार जपावी. ती किनाऱ्यावर सापडते तेव्हा तिच्या शरीराकडे निरखून पाहणारं वर्णन नको. ती वयाने लहान आहे. अंगावर घ्यायला कपडा, प्यायला गोडं पाणी, आणि पुढे जा.

आवाज गमावलेल्या नायिकेचं काय करायचं, याचा विचार तर व्हायलाच हवा. जादूच्या करारावर सही करणारी नायिका पुढच्याच प्रकरणात नायकाला चार शब्द लिहून का दाखवत नाही, हा प्रश्न बारा वर्षांचा वाचकही विचारतो. तिच्या लोकांत लिपीच नाही असं ठरवा, नाहीतर सहीचा प्रसंग काढा. मुकेपण म्हणजे गप्प, आज्ञाधारक असणं नव्हे. अँडरसनचा राजपुत्र तिला दाराबाहेर मखमली उशीवर झोपू देतो आणि त्यालाच माया समजतो. आज लिहिताना नायकाने तिच्या खुणा शिकायची तसदी घ्यायला हवी. त्या खुणा कुठल्या, किती दिवसांत किती जमल्या, कुठली चुकीची समजली, हे लिहिलं की प्रेम वाढताना दिसतं.

संमोहनाचा प्रश्न याहून अवघड आहे. गाण्याने भुरळ पडलेला मुलगा ‘हो’ म्हणतो, तेव्हा ते त्याचं ‘हो’ नसतं. गाण्यात तशी शक्ती असेल तर तिने न गाता त्याचं मन जाणून घेण्याचा प्रसंग कथेत असलाच पाहिजे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या सीलकन्यांच्या लोककथांत माणूस तिचं कातडं लपवतो आणि ती नाइलाजाने त्याच्या घरी नांदते. ती कैदेची कथा आहे. प्रेमकथा म्हणून ती तेरा-चौदा वर्षांच्या वाचकाच्या हाती देऊ नये, द्यायचीच तर कातडं सापडताच ती परत जाते इथवर पूर्ण द्यावी. वयाचंही तसंच. तीनशे वर्षं जगलेली जलपरी आणि सोळा वर्षांचा मुलगा ही जोडी जुळत नाही; तिच्या लोकांतही ती नुकतीच वयात आलेली हवी, अनुभवानेसुद्धा.

लांबी 60 ते 80 हजार शब्द पुरे होते. तिचं खरं रूप त्याला निम्म्या पुस्तकाच्या आत कळू द्यावं. त्यानंतरही लपवाछपवी चालू राहिली की नायक मंद वाटू लागतो. शेवटासाठी चार वाटा आहेत: ती राहते, तो जातो, दोघं वर्ष वाटून घेतात किंवा वेगळे होतात. पाचवी वाट, म्हणजे अचानक दोघांनाही दोन्हीकडे मनसोक्त राहता येणं, हीच सर्वांत जास्त हस्तलिखितांत असते आणि तीच आधीची सगळी पानं रद्द करते. ती घ्यायचीच असेल तर कुणाचं तरी काहीतरी कायमचं जायला हवं, आणि दर वेळी ते फक्त तिचंच नको.

आपल्या पुस्तकांच्या पानावर या कादंबऱ्यांची परीक्षणं यावीत, ही आमची विनंती. परीक्षकाने शेवट उघड करू नये, पण पुस्तकात घातलेले नियम शेवटपर्यंत पाळले का आणि किंमत कुणी मोजली, हे जरूर लिहावं. पुस्तक बारा वर्षांच्या वाचकाला चालेल की सोळाच्या पुढच्याला, हेही सुरुवातीलाच द्यावं. पालक आणि ग्रंथपाल हाच प्रश्न आधी विचारतात.

आपले,
किशोर साहित्याचे काही संपादक