शुभे, परी कुठल्या कुशीवर झोपते?

प्रिय शुभे,

काल फोनवर तू रडायला लागलीस आणि मला काही सुचेचना, म्हणून आता घरात सगळे झोपल्यावर लिहायला बसलेय. परीच्या मधुमेहासाठी परवा तिला सेन्सर, तो अंगाला चिकटवून सतत शुगर दाखवणारा, लावणार म्हणालीस, लाव गं नक्की लाव, दिवसातून सात-आठ वेळा बोट टोचणं किती कमी होतं, आमच्या ओमच्या बोटांची टोकं कशी काळ्या ठिपक्यांनी भरली होती तू बघितलीच आहेस. पण सेन्सर शरीरावर कुठे बसतो आणि त्याच्यावर काय दाब येतो यावर आकडा किती बदलतो, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, ते तुला सांगायचंय.

ओमला सेन्सर लावल्यावर पहिल्याच आठवड्यात रात्री पावणेतीनला त्याचा अलार्म वाजला, शुगर 58, म्हणजे फारच कमी. मी धडपडत उठले, ओमला अर्धवट झोपेतच तीन चमचे साखरेचं पाणी पाजलं, दहा मिनिटांनी बघते तर 49, हातपाय गळाले माझे, परत पाजलं. मग ह्यांनी बोट टोचून रक्तातली शुगर मोजायचा ग्लुकोमीटर आणला, त्याच्या पट्टीवर 268, म्हणजे उलट खूप जास्त! ओमला कुशीवरून वळवलं तर दंडावर सेन्सरचा लालभडक गोल उमटलेला, पोरगं रात्रभर त्याच हातावर झोपलं होतं. सरळ झोपवल्यावर थोड्या वेळात सेन्सरचा आकडा आपोआप वर आला. आधीच बोट टोचलं असतं तर ते सगळं साखरपाणी द्यावंच लागलं नसतं, हे अजून लागतं मनाला.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. सेन्सर रक्तातली शुगर मोजतच नाही, कातडीखाली पेशींभोवती जे पाणी असतं त्यातली मोजतो, म्हणून एरवीही तो रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असतो. त्या जागेवर दाब आला की तिथलं रक्त कमी होतं, नवी साखर पोचत नाही, असलेली पेशी खाऊन टाकतात, आणि तेवढ्याच जागेत शुगर खाली जाते, अंगात नाही. ग्राफवर ते ओळखू येतं, रेघ एकदम कड्यावरून पडल्यासारखी खाली आणि कूस बदलली की तशीच वर. तरी नुसत्या ग्राफवर विसंबू नकोस, शंका आली की पट्टी.

जागा मनाने ठरवायची नाही. लिब्रे नावाचा सेन्सर दंडाच्या मागच्या बाजूला लावतात, तिथेच तपासलेला आहे, डेक्सकॉम कंपनीचा जी6 सेन्सर पोटावर, आणि 2 ते 17 वर्षांच्या मुलांना कुल्ल्याच्या वरच्या भागावरही चालतो. परी इतकी बारीक आहे, दंडावर चिमटीत मांस येईल अशी जागा नर्सकडून बघून घे. जुना व्रण, तीळ असेल तिथे नको, इन्सुलिन टोचतेस तिथून लिब्रे निदान इंचभर आणि जी6 निदान तीन इंच लांब, आणि पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडाला. पहिल्या दिवशी आकडे जरा इकडेतिकडे असतात, घाबरू नकोस. आणि पोरगी घामाघूम झाली, थरथरायला लागली तर सेन्सर काहीही म्हणो, आधी तिच्याकडे बघ.

आज रात्री एकदा उठून बघून ठेव ती कुठल्या कुशीवर झोपते, आणि सेन्सर दुसऱ्या हाताला लाव. लावून झाला की फोन कर, मी जागीच असेन.

तुझीच,
मेघा