पालकमंत्री साहेब, यंदा फेटे नकोत, नावं वाचा

मा. पालकमंत्री, कोल्हापूर जिल्हा यांस,
स. न. वि. वि.

२६ जुलै, कारगिल विजय दिवस जवळ आला. पत्रिकेवर आम्ही सकाळी दहाची वेळ छापणार. गेल्या वर्षीही छापली होती. पाहुणे दीडला आले (कोण ते सोडा, सगळ्याच पक्षांचा हा रिवाज आहे). तोवर वीरमाता मंडपात ताटकळत बसल्या, खाली चिखल, वरून गळती. मग फेटे बांधून झाले, शाली झाल्या, भाषणं झाली. शहिदांची नावं निवेदकानं एका दमात उरकली आणि एकाचं आडनाव चुकवलं. त्याची आई पहिल्याच रांगेत होती. शेजारणीला एवढंच म्हणाली, "आमचं न्हवं ते."

मराठा लाइट इन्फन्ट्रीत १७ वर्षं काढलेल्या माणसाला हे सोसत नाही.

आमच्या चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे, इंग्रजीत. गावातून किती गेले आणि किती मेले, एवढे दोन आकडे. नाव एकाचंही नाही. १९१६ साली इराकमधल्या कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी उपाशी लढल्या. त्या मोहिमेतल्या बेपत्ता मृतांसाठी बसऱ्याला स्मारक उभं राहिलं, त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली आणि आपल्या साध्या शिपायांचे पलटणवार आकडे. ते साहेबाचं राज्य होतं. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात २०१९ पासून शिपायाचं नावही दगडावर आहे. मग गावात ते धड वाचायला आपल्याला काय होतं?

आमचा सगळ्यात चांगला कार्यक्रम २०२१ चा. गावाला पुराचा वेढा, शाळेत छावणी, व्हरांड्यात म्हशी. मंडप नाही, माईक नाही, पाहुणे तर नाहीतच. आम्ही चारपाच माजी सैनिक भिजल्या अंगानं उभे राहिलो. सातवीतल्या एका पोरीनं वहीतून वाचलं: नाव, पलटण, साल. प्रत्येक नावानंतर ती थांबायची. छावणीतलं रडतं पोरही तेवढ्यापुरतं गप्प झालं असं मला वाटलं, खरंखोटं देव जाणे.

यंदा वही तीच आहे. पोरगी आता कॉलेजात जाते, तरी येते म्हणाली. आडनावं घरोघर जाऊन तपासून घेतलीत. आपण जरूर यावं. खुर्ची वीरमातांच्या मागच्या रांगेत ठेवू. हार, भाषण काही नाही. वाटेत उशीर झाला तर गाडी वेशीवर थांबवून चालत या, सायरन नको.

वाचन दहाला सुरू होईल.

आपला,
एक निवृत्त हवालदार, शिरोळ तालुका